पहिला पास कोणाच्या नावाचा

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण एक सोयाबीनचा ट्रक आणि त्यापायी अडकलेली एक मुलगी, हे प्रकरण मात्र काल घडल्यासारखं लख्ख आहे. त्याला कारण चोरी नाही. चोरी साधीच होती. ती उलगडताना जे दिसलं, ते पुन्हा कुठे दिसलं नाही.

दोन हजार सालानंतरचा काळ. मी हिंगोलीच्या ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. पुरुषाचा आवाज, मागे ट्रकांचे हॉर्न. "गोदामातून सोयाबीनचा ट्रक गेलाय. हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरात बघा, त्या पोरीचंच नाव निघंल." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली.

दुपारी गोदामाचे मालक स्वतः आले. त्यांची तीन गोदामं होती: मुख्य हिंगोलीत, एक सेनगावला आणि एक वारंगा फाट्यावर. व्यापारी माल ठेवायचे आणि लागेल तसा उचलायचे. उचलायचा असेल तर गेटपास लागे, आणि हे पास दीड-दोन वर्षांपासून कॉम्प्युटरवर निघत होते. वारंगा फाट्यावरून सोयाबीनचा एक ट्रक अशा पासवर बाहेर पडला होता, जो कोणत्याही व्यापाऱ्याने मागितलाच नव्हता. पास काढणाऱ्याच्या जागी हिंगोलीच्या ऑफिसात बसणाऱ्या ऑपरेटर मुलीचं नाव होतं.

"माणूस खोटं बोलंल साहेब," मालक म्हणाले, "कॉम्प्युटर काहून बोलंल? आजच्या आज तिला आत घ्या."

मालकाला चोरी दुपारी कळली होती आणि फोनवाल्याला सकाळीच. हे मी मनात ठेवलं, बोललो नाही.

मुलगी पुसेगावची. वडील शेतमजुरी करून तिला डी.एड.पर्यंत शिकवणारे. बापलेक दोघंही लगेच ठाण्यात आले. वडिलांनी "जयभीम साहेब" म्हणून हात जोडले आणि भिंतीशी ताठ बसले. महिला शिपायाला समोर बसवून मी मुलीला विचारायला लागलो, तेव्हा ती काही बोलायच्या आत वडीलच म्हणाले, "साहेब, हिचा एक कागद तुमच्याकडं आहे. शाळेची ऑर्डर आलीय हिची."

मी टेबलावरचा ढीग चाळला. खरंच, शिक्षणसेवक म्हणून तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच सहीसाठी पडून होता. इकडे गुन्ह्यात आरोपी म्हणून नाव घातलं की तिकडे नोकरी गेली. पुढे निर्दोष सुटली तरी जागा कोण राखून ठेवतो? एकाच टेबलावर दोन कागद आणि पेन माझ्या हातात.

"पास तू काढलास?"

"न्हाई साहेब."

"तुझा पासवर्ड कोणाला दिला होतास?"

तिने वडिलांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "परक्या माणसाला न्हाई दिला."

चोराची नजर आणि लाजलेल्याची नजर यांत फरक असतो. चोर पोलिसाकडे चोरून बघतो. ही पोरगी बापाकडे चोरून बघत होती. काय लपवतेय ते कळेना, पण पोलिसापासून लपवत नव्हती एवढं कळलं. मी फिर्याद अज्ञात इसमाविरुद्ध घेतली. मालक तणतणत गेले आणि जाताना वरच्या साहेबांकडे जातो म्हणाले. जावा म्हटलं.

आता मला ते यंत्र समजून घ्यायचं होतं. तोवर कॉम्प्युटर म्हणजे टाइपरायटरचा शहाणा भाऊ, एवढंच माझं ज्ञान. गोदामाचा प्रोग्राम सेनगावच्याच एका तरुण इंजिनिअरने बनवला होता. तो पुण्याला असायचा. निरोप मिळताच एसटीने आला आणि पिशवी खांद्यावरून न उतरवता मालकाच्या ऑफिसात माझ्याशेजारी बसला. संशय आपल्यावरही येऊ शकतो हे त्याला कळत होतं. पण विषय निघाला तसा तो रंगला.

"फाट्यावरच्या कॉम्प्युटरात तुझा प्रोग्राम आहे का?" मी विचारलं.

"काहीच न्हाई साहेब. तिथं फक्त पान दिसतं. पान तयार होतं ते इथं." त्याने कोपऱ्यातल्या एका डब्याकडे बोट दाखवलं. "हा सर्व्हर. माल किती शिल्लक, कोणाचा, पास द्यायचा की न्हाई, सगळा विचार हा करतो. तुमच्या वायरलेसवाणी समजा. सेट गावोगाव असतात, पण हुकूम कंट्रोल रूमचा."

हे मला पटकन उमगलं. मग मी त्याला सोडलाच नाही. हे सगळं तू एकट्याने कसं बांधलंस? तो म्हणाला, सगळं पहिल्यापासून बांधावं लागत नाही. धंद्याचे प्रोग्राम बनवायला तयार प्लॅटफॉर्म मिळतो. नाव ओळखणं, पासवर्ड तपासणं, पानं बनवून पाठवणं हे त्यात आयतं असतं. आपण फक्त त्या धंद्याचे नियम लिहायचे. "मी इथं महिनाभर पोत्यांवर बसून होतो साहेब. हमाल, मुनीम, ड्रायव्हर, सगळ्यांला विचारलं काम कसं चालतं. जे त्यांनी सांगितलं ते लिहिलं."

"आणि जे नाही सांगितलं?"

तो हसला. "ते प्रोग्रामला कसं कळंल?"

"मग तुझा सर्व्हर माणूस ओळखतो कसा?"

"माणूस न्हाई ओळखत. नाव आणि पासवर्ड जुळला की झालं. हात कोणाचा, ते त्याला दिसत न्हाई."

हुकूम कुठल्या गोदामातून सुटला तेही सर्व्हरला लिहून ठेवता येतं, पण जागा भरते म्हणून त्यानेच ते बंद ठेवलं होतं. हे सांगताना बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पास कधी निघाला ती वेळ मात्र होती: भर दुपारची. ती ऐकताच माझे हवालदार कान खाजवत म्हणाले, "साहेब, त्या टायमाला हिंगोलीत लाईट कुठं असते?"

भारनियमनाचे दिवस होते. सर्व्हर इन्व्हर्टरवर चालत राही, कारण तो बंद पडला की तिन्ही गोदामं बंद. पण हिंगोलीत पास काढायचा कॉम्प्युटर एकच, मुलीच्या टेबलावरचा, आणि तो इन्व्हर्टरला जोडलेलाच नव्हता. आम्ही तार धरून भिंतीपर्यंत गेलो, पंचांना दाखवलं. वीज मंडळाच्या कार्यालयातून त्या दिवशीच्या भारनियमनाची वेळ लेखी घेतली. त्या दुपारी तिचं यंत्र मेलेलं होतं. म्हणजे तिचं नाव वापरणारा हात हिंगोलीबाहेरचा होता. पण त्या हाताला तिचा पासवर्ड कुठून मिळाला? पुन्हा विचारलं, तर शेजारच्या बापाकडे बघत तिने तेच उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिथल्या ठाण्याला कळवून, मी साध्या कपड्यांत वारंगा फाट्याला गेलो. बरोबर हवालदार आणि इंजिनिअर. गोदामाचा मॅनेजर पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं: पास हेड ऑफिसातून आला, माझ्या प्रिंटरवर निघाला, मी गाडी सोडली. "आमी हुकमाचे ताबेदार साहेब."

"बराबर आहे," मी म्हणालो. "तुमचं काम उरका, मग जबाब घेऊ. मला जरा बघायचंय हे कसं चालतं."

गोदाम नुकतंच उघडलं होतं. एक ड्रायव्हर पहिल्या पाससाठी ताटकळत उभा होता. मॅनेजरने कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली, हात जोडले आणि बसला. बोटं कळांवर ठेवली आणि तशीच राहिली. काही अक्षरं मारली, खोडली. पुन्हा मारली, पुन्हा खोडली. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी शोधू लागलो.

"फाडा ना भाऊ पास," ड्रायव्हर कावला. "गाडी उभी करून राहिलो कवाचा."

मॅनेजरने घाम पुसला आणि एका दमात टाइप केलं. माझ्यामागे उभ्या इंजिनिअरने माझ्या बाहीला हात लावला. पडद्यावर त्या मुलीचं नाव होतं.

"हे कोणाचं नाव?" मी विचारलं.

उत्तर ड्रायव्हरने दिलं, अगदी सहज. "बोहनी तर ताईच्याच हातची असते साहेब. रोजचंच आहे. तिचा हात लाभतो."

मग सगळं बाहेर आलं. मुलगी कामाला लागली त्या साली धंदा जोरात झाला. तेव्हापासून दिवसाचा पहिला पास तिच्या हातचाच, असा रिवाज पडला. कागदी पास होते तोवर ती रोज संध्याकाळी उद्याचा पहिला पास सही करून गोदामांना पाठवायची. कॉम्प्युटर आला तेव्हा सही गेली, रिवाज राहिला. दोन्ही मॅनेजरांनी फोनवर पासवर्ड मागून घेतला. पहिला पास तिच्या नावाने, मग आपापल्या. इंजिनिअरला हे कोणी सांगितलं नाही, कारण देवाला फूल वाहतो हे काय कोणी प्रोग्रामवाल्याला सांगतं?

मॅनेजरला बाजूला घेतलं. ट्रक कुठे उतरवला ते सांगायला त्याने फार वेळ घेतला नाही. पंचांसमोर त्याचं निवेदन लिहून घेतलं आणि त्याने दाखवलेल्या जागेवरून माल ताब्यात घेतला. तो सकाळचा फोनही त्यानेच फाट्यावरच्या एसटीडीवरून केला होता. मला एकच गोष्ट चावत होती, ती मी शेवटी विचारली. "अरे, पोलीस मागे उभा आहे. आजच्या दिवस तरी पास स्वतःच्या नावाने काढायचास."

"पहिलाच पास होता साहेब," तो म्हणाला. "दिवस खराब गेला असता."

"गेलाच की," मी म्हणालो.

मुलीला बोलावलं तेव्हा वडिलांना चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं. ती दाराकडे बघत म्हणाली, "आमच्या घरी असलं काही मानत न्हाईत साहेब. शुभ हात, अशुभ हात म्हटलं की बाबा खवळतात. मीही मानत न्हाई. पण ते चांगल्या मनानं म्हणायचे, तर मी काहून मोडू? बाबांसमोर कसं सांगू, की माझ्या हाताची बोहनी करून राहिलेत म्हणून?"

नोकरी जायची वेळ आली तरी बापाला वाईट वाटू नये म्हणून पोरगी गप्प बसली होती. मला राग आला तिचा आणि गलबलूनही आलं. "सांग त्यांना," मी म्हणालो, "नाहीतर मी सांगतो." तिने सांगितलं. बाहेर बाकावर दोघं बराच वेळ बसले होते. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. उठताना वडील तिच्या डोक्यावर हात ठेवून उठले, तेवढं खिडकीतून दिसलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. लोक लपवतात ते शोधणं सोपं असतं. लोकांना जे सांगण्यासारखं वाटतच नाही, ते हाती लागणं कठीण. त्यानंतर मी जबाब घेताना शेवटी हमखास विचारायचो, "आणि रोज काय करता?" या प्रश्नाने मला पुष्कळ गुन्हे उघड करून दिले.

चारित्र्य पडताळणीवर मी त्याच आठवड्यात सही केली. ती कागद न्यायला आली, तेव्हा योगायोगाने ठाण्यात नवा कॉम्प्युटर येऊन बसला होता. पहिली नोंद व्हायची होती. आमचे हवालदार इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, एवढं पहिलं बटण तुमच्या हातानं दाबा की."

ती हसली. वडील दारात उभे होते, तेही हसले. "न्हाई काका," ती म्हणाली, "पहिली नोंद तुमच्याच नावानं करा." आणि तिने खुर्ची ओढून हवालदारांना बसवलं, त्यांचं बोट धरून त्यांच्याच नावाचं पहिलं अक्षर कुठे आहे ते दाखवलं. ती शिकवताना कशी दिसेल, ते मी तिथेच पाहून घेतलं.