कोठीतली केळी

"मले काय करायचं हाय?" असं म्हणून काकू ज्या गोष्टीत हात घालायच्या, ती तडीस नेल्याशिवाय सोडायच्या नाहीत. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच. हे म्हणताना त्यांचा अंगठा मात्र कशावर तरी दाबलेला असे. पपईवर, टोमॅटोवर, नाहीतर माझ्या पोराच्या गालावर.

अकोल्याच्या जुन्या शहरात काकूंची आणि आमची मागची भिंत एकच. काकूंच्या मोरीच्या पाण्यावर त्यांच्या सासूने लावलेली केळी होती. केळ्यांचे कंगोरे बुजले की घड उतरवायचा, पोत्यात गुंडाळून गव्हाच्या रिकाम्या कोठीत ठेवायचा, गोवरीचा धूर कोंडायचा आणि झाकण लावायचं. मग कुणी कितीही मागो. "कावून घाई करता? पिकू द्या."

घराच्या वाटणीत मोरी काकूंकडे आली, म्हणून पलीकडच्या धाकट्या जावेने बोलणं टाकलं. मोरीवरून अबोला धरणारी माणसं मी तरी दुसरीकडे पाहिली नाहीत. दोघींचे नवरे गेले, पोरं पुण्याला गेली, अबोला तेवढा घरीच राहिला. पण पिकलेली एक फणी दरवर्षी मी पलीकडे न्यायची. "माह्यं नाव सांगू नको. तूच आणली म्हन."

जाऊ फणी हातात घ्यायची, तसाच अंगठा दाबायची. "यंदा धूर जास्त झाला." ते मी इकडे येऊन सांगायची. "मले काय करायचं हाय?" काकू म्हणायच्या, आणि पुढच्या घडाला धूर कमी. मला गंमत वाटायची आणि रागही यायचा. दोघींनाच एकदा त्या कोठीत घालून झाकण लावावं, असं कितीदा मनात आलं.

मागच्या हिवाळ्यात काकू खंगल्या. औषधं घ्यायच्या, पण लक्ष सगळं जावेच्या बाजूच्या भिंतीकडे. "येईन का वं ते एकडाव?" त्यांनी जावेबद्दल मला विचारलं. मी जावेला जाऊन सांगितलं.

घड उतरवायला दोन माणसं लागतात. एकाने कापायचं, दुसऱ्याने खाली खांदा द्यायचा. त्या सकाळी मी गेले तर काकू एकट्याच विळा घेऊन उभ्या. मी पुढे होणार तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं. जाऊ आत आली, तिने पदर खोचला आणि घडाखाली खांदा दिला.

"कापा," ती म्हणाली.

काकूंनी कापलं. दोघींनी मिळून घड कोठीत ठेवला. जाऊ चिकाचे हात धुऊन निघून गेली. काकू त्या दिवशी पोटभर जेवल्या. "पिकली का बोलावतो तिले," म्हणाल्या. "माह्या तोंडानं."

केळी पिकायच्या आत काकू गेल्या.

पोरं आली, घर आवरू लागली. त्यांनी कोठीला हात लावला तशी जाऊ झाकणावर हात ठेवून उभी राहिली. "कच्ची हाय आजून." मग ती रोज यायची, झाकण उघडून बघायची, परत लावायची.

एका दुपारी तिने घड बाहेर काढला. गल्लीत फण्या वाटून झाल्यावर ती काकूंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. एक केळं सोललं, सावकाश खाल्लं. मी समोरच होते, पण तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. रिकाम्या ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "बाई, गोड निघाली."