बारकूकाकांच्या अंगणातली रेंज

उंबरमाळीच्या हॉल्टवर उतरून डोंगराच्या अंगाने चालत गेलं की आमची शाळा लागायची. दोन हजार पाच साली मी तिथे बदलून गेले तेव्हा हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पाणी विहिरीवर मिळेल, आणि रेंज बारकूच्या अंगणात." मला वाटलं, बारकू म्हणजे कोणीतरी एसटीडी बूथवाला असेल. निघाले रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन. त्यांच्याकडे फोनच नव्हता.

प्रकार असा होता. कसाऱ्याकडच्या कुठल्याशा टॉवरची रेंज डोंगराच्या खिंडीतून कशीबशी शिरायची आणि सगळं गाव ओलांडून ओढ्यापलीकडे बुद्धवाड्यात उतरायची. तीही सगळ्या वाड्यात नाही, बारकूकाकांच्या अंगणात, उकिरडा आणि शेवग्याचं झाड यांच्या मधे. देवळासमोर नाही, सरपंचांच्या गच्चीवर नाही. गावातला पहिला मोबाईल घेतला तो वरच्या आळीतल्या काळूरामने. भाताची मोठी शेती, दारात ट्रॅक्टर. त्याने तो मोबाईल वर्षभर शर्टाच्या खिशात मिरवला. त्यावर बोलता येतं हे त्याला रेंज सापडल्यावर कळलं, आणि ती कुठे सापडली हे कळल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला म्हणे.

वरच्या आळीतली माणसं तोवर बुद्धवाड्यात यायची ती मतं मागायला. आता रोज संध्याकाळी येऊ लागली. कोणी मेहुण्याशी बोलायला, कोणी व्यापाऱ्याशी, आणि मी नाशिकला कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या माझ्या होणाऱ्या नवऱ्याशी. उकिरड्याच्या कडेला उभं राहून, नाकाला पदर लावून मी माझं लग्न ठरवलं आहे. खाजगी असं काही नव्हतंच. बारकूकाका शेवग्याखाली बाजेवर बसलेले असायचे आणि फोन संपला की निकाल द्यायचे.

"बाई, माणूस बरा दिसतो तुमचा," त्यांनी मला एकदा सांगितलं. "पन क्लास काढलाय तो कितीसा चालनार? सगळे शिकले की मग कोनाला शिकवनार?"

मी हे नवऱ्याला कळवलं. तो तीन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

काकांची बायको बरीच वर्षं आधी गेली होती. एकुलती एक मुलगी संघरत्ना पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत होती. दर रविवारी सकाळी ती अंगणातल्या ज्याचा लागेल त्याच्या मोबाईलवर फोन करायची. काकांना फोन घेऊन देते म्हणायची, तर ते म्हणत, "मला कशाला? सगळ्या गावाचे फोन माझ्याच दारात येतात." पोरीवर त्यांचा फार जीव. पण तिच्या कंपनीबद्दल त्यांचं मत वाईट होतं. जन्मभर युनियनमध्ये काढलेला माणूस. "जिथं भोंगा नाय, गेट नाय, तिथं संप करायचा तर काय बंद करनार? लाइट?" असं ते मला तावातावाने विचारायचे, जणू ती कंपनी माझ्या वडिलांची होती. संघरत्नाचं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या. हे मात्र त्यांना पटलं होतं. "चुका काढायचा पगार मिळतो? मग आमच्या घराण्यात उगाच लोकं गरीब राहिली."

ऑर्कुट काय असतं ते तिने त्यांना एका रविवारी फोनवर समजावलं. अनोळखी माणूस विचारतो, मित्र होशील का, आणि आपण हो किंवा नाही म्हणायचं. काका खूश झाले. "हे बरं हाय. इकडं विचारतंय कोन?" पण पुढे ती म्हणाली की तिथे लोक आपापल्या कम्युनिटी काढतात, एका गावचे, एका जातीचे, एका हिरोचे. काकांनी लगेच तोंड कडू केलं. "म्हनजे वेगळे वाडे? गावात जे मोडायला आमची हयात गेली ते तुमी कॉम्प्युटरात नवीन बांधताय?"

काळूरामचा मुलगा अक्षय ठाण्याच्या एका कॉल सेंटरमध्ये लागला. मुलाखत फोनवरच झाली, उकिरड्यावर. तो इंग्रजीत स्वतःची स्तुती करत असताना मागे शेळी ओरडत होती, आणि त्याने ती ऑफिसची फॅक्स मशीन आहे असं सांगितलं. नोकरीवर गेल्यावर कंपनीने त्याचं नाव ॲलेक्स ठेवलं. काळूरामने पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला, खाल्ला, आणि मग म्हणाले, "आमच्या बापानं धर्म बदलला तेव्हा ह्या गावानं आमचं पानी तोडलं होतं. ह्यानं गिऱ्हाइकासाठी नाव बदललं तर पेढे. चांगली प्रगती हाय." काळूराम हसला. दुसरं करणार काय, फोन करायचा होता ना त्याला.

पाण्यावरून आठवलं. वरच्या आळीची माणसं फोनला येताना आपापली बाटली घेऊन यायची. उन्हाचं बरं असतं, असं म्हणायची, पावसाळ्यातही म्हणायची. मला त्याची चीड यायची, पण काका त्यावर चकार शब्द काढत नसत. ज्यांची ऑर्कुटवरही मतं होती त्यांचं या बाटल्यांवर मत नव्हतं, यातच काय ते कळायला हवं होतं.

मग एका मार्चमध्ये काळूरामच्या मोबाईलला आपोआप कॉलर ट्यून लागली. कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल. त्याला भाताच्या व्यापाऱ्याकडून बोलणी खावी लागली, कारण व्यापाऱ्याने फोन लावला की भलतंच प्रेमगीत वाजायचं. ती काढायला त्याने कस्टमर केअरला फोन लावला. "आपका कॉल हमारे लिए बहुत महत्त्वपूर्ण है," असं एक बाई सांगत राहिली आणि मधे मधे बासरी वाजत राहिली. जागा सोडली तर रेंज जाणार, रेंज गेली तर रांगेतला नंबर जाणार. भर दुपारची वेळ. बाटली संपली. काळूरामने हाताने खूण केली. काकांनी रांजणातून तांब्या भरला आणि मधेच थांबून विचारलं, "कोनाच्या हातचं देऊ? बाई हायेत इथं."

"दे रे, कोनाच्या पन दे!" काळूराम कानाचा फोन न काढता ओरडला. तो घटाघटा प्यायला. तेवढ्यात फोनच्या पलीकडे कोणीतरी माणूस आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोन दुसऱ्या विभागाला जोडून दिला. पुन्हा बासरी. काळूरामने दुसरा तांब्या मागितला.

त्या दिवसापासून बाटल्या हळूहळू बंद झाल्या. एकजण प्यायला म्हटल्यावर बाकीच्यांनाही तहान लागू लागली. पुढे चहा सुरू झाला. गावात जयंतीला भाषणं करून गेलेल्या किती पुढाऱ्यांना जे जमलं नव्हतं ते त्या बासरीने करून दाखवलं. कंपनीला त्याचा पत्ताही नव्हता, आणि कळलं असतं तर तिने त्याचेही पैसे लावले असते.

आणि नेमका तेव्हाच टॉवर आला. म्हणजे टॉवरवाला माणूस आला, चकचकीत बूट घालून, काळूरामच्या माळावर जागा बघायला. टॉवर झाला की घराघरात रेंज येणार. ग्रामसभेचा ठराव तेवढा हवा होता. गाव आनंदात होतं. बारकूकाका सोडून.

त्यांनी टॉवरविरुद्ध मोहीमच उघडली. मधमाश्या उडून जातात, मोहाला फूल धरत नाही, म्हशी आटतात, माणसाला टक्कल पडतं. सरपंच आधीच टकले होते, ते घाबरले नाहीत. मग काकांनी मला शहापूरच्या सायबर कॅफेतून एक कागद छापून आणायला लावला. संघरत्नाने गंमत म्हणून पाठवलेला तो ई-मेल होता. शास्त्रज्ञांनी दोन चालू मोबाईलच्या मधे अंडं ठेवलं आणि ते शिजलं, असं त्यात लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, दहा जणांना पाठवा. काकांनी तो ग्रामसभेत वाचून दाखवला, म्हणजे साडेतीनशे जणांना पाठवला.

"करून बघा मग!" काळूरामची बायको सकुबाई म्हणाली आणि स्वतःच्या कोंबडीचं अंडं घेऊन आली.

पण ग्रामसभा भरली होती देवळासमोर, तिथे रेंज कुठली? म्हणून ग्रामसभा उठली आणि ओढा ओलांडून बारकूकाकांच्या अंगणात गेली. ग्रामसेवक इतिवृत्ताची वही काखेत मारून मागून. उकिरड्याशेजारच्या फरशीवर अंडं ठेवलं. एका बाजूला माझा मोबाईल, दुसऱ्या बाजूला सुट्टीवर घरी आलेल्या अक्षयचा, आणि मी अक्षयला फोन लावला. सगळं गाव गोल करून उभं. एप्रिलचं ऊन, डोक्यावर सूर्य. मग सकुबाई वाकली आणि तिने अंड्याला बोट लावलं.

"गरम हाय गो!" ती किंचाळली.

मी म्हटलं, अहो, ऊन आहे, फरशीपण गरम आहे, हात लावून बघा. पण मास्तरणीचं विज्ञान शाळेच्या वेळेतच चालतं. बायकांनी पोरांना मागे ओढलं. सरपंचांनी हळूच डोक्यावरून हात फिरवला. ठराव नामंजूर झाला, आणि अंडं कोणी फोडून बघितलंच नाही.

लोक गेल्यावर मी काकांवर खवळले. "तुम्ही जन्मभर रुळावर काम केलंत. उन्हाने काय तापतं ते तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत हाय ना," ते म्हणाले. ते फरशीवरचं अंडं उचलून घरात ठेवत होते. "टावर झाला की कोन खाली येनार, बाई? जो तो आपल्या घरात बोलेल. ही माणसं चाळीस वर्षं आली नाय, आता कुठं येतात. चहा पितात. मला दुसरं काय पायजे?"

खोटं बोलले होते ते, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं होतं.

टॉवर रुळापलीकडच्या गावात गेला. पावसाळ्यानंतर सुरू झाला, कंपनीने जुन्या टॉवरचं तोंड दुसरीकडे फिरवलं म्हणे, आणि एका सकाळी बारकूकाकांच्या अंगणातली रेंज संपली. नव्या टॉवरची रेंज पलीकडून येत होती आणि आमच्या गावात ती एकाच ठिकाणी उतरत होती: काळूरामच्या ओटीवर. तिथेही कडेच्या खांबाला धरून उभं राहिलं तरच. खाली बसलं की गेली. सरपंचसुद्धा उभ्यानेच बोलत.

सगळं गाव वर गेलं. रांजण भरलेला राहू लागला. काका बाजेवर बसून रस्त्याकडे बघत असायचे. त्यांना आता कशावरच मत नव्हतं, आणि ते बघवत नव्हतं.

पहिल्या रविवारी संघरत्नाचा फोन माझ्या मोबाईलवर आला. मी निरोप पाठवला, काका आले नाहीत. दुसऱ्या रविवारी मी स्वतः गेले. "तिला सांगा शेतावर हाय," म्हणाले. मी भांडले तेव्हा एवढंच बोलले, "बाई, त्या ओटीवर माझा बाप कधी चढला नाय. मी पन नाय. आमी खळ्यापर्यंत जायचो."

तिसऱ्या रविवारी फोन आला तेव्हा मी चप्पल घालणार तोच काळूराम उठला. "तुमी थांबा बाई," म्हणाला आणि स्वतः ओढा उतरून गेला. तिथे काय बोलला ते माहीत नाही. परत येताना पुढे तो आणि मागे बारकूकाका, धुतलेला सदरा घालून. "चल लवकर, बाईंची बॅटरी जाते," काळूराम त्यांच्यावर डाफरत होता. ओटीच्या पायरीशी काका थांबले. काळूरामने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. ते चढले.

मी संघरत्नाला परत फोन लावून तो त्यांच्या हातात दिला. ते खांबाला धरून उभे राहिले. ओटीवर पाचसहाजण होते, सकुबाई तांदूळ पाखडत होती. माझ्या मोबाईलचा आवाज इतका मोठा की संघरत्ना ओटीवरच बसल्यासारखी ऐकू यायची.

"बाबा, कुठनं बोलताय?"

"काळूरामच्या ओटीवरनं."

तिने हळू आवाजात विचारलं, "उभे आहात का बसून?"

सगळ्यांनी ऐकलं. सकुबाईचं सूप थांबलं. मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं की अगं, इथे सगळेच उभे राहतात, ती रेंजची भानगड आहे. पण ती काय विचारत होती ते तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं.

"बसलोय गो," काका म्हणाले.

आणि पोरीशी खोटं नको म्हणून त्यांनी खांब सोडला आणि ते ओटीवर बसले. फोन तिथेच तुटला. रविवारचा घरी आलेला अक्षय फोन तुटल्याचं सांगायला पुढे सरकला, तर काळूरामने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

"बसलोय, चांगला बसलोय," बारकूकाका बंद फोनमध्ये सांगत राहिले, आणि सकुबाईने सूप उचलून पलीकडे ठेवलं आणि त्यांना भिंतीला टेकायला जागा करून दिली.