कोपऱ्यातला आकडा

कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाईंमुळे मी नगरात टिकले. काय घडलं ते मग सांगते, हे आधी लिहून ठेवते.

नववीतून शाळा सुटली आणि अकोले तालुक्याच्या डोंगरातलं घर सोडून मी नगरला टायपिंगच्या दुकानात लागले. आपलं काहीतरी चुकलंय, या धास्तीतच रोजचा दिवस जायचा. काम गेलं असतं तर परतीची एसटी, आणि गावात सगळे म्हणणार, आम्ही सांगत नव्हतो?

बाईंचा पीएचडीचा प्रबंध माझ्याकडं आला. त्या आधी वहीत लिहायच्या. पानोपानी मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे मोठमोठे चौकोन. अर्थ कळत नव्हता, पण घडण लगेच कळली. कुठलीही तिरपी ओळ धरा, वरपासून खालपर्यंत एकच आकडा. एका प्रकरणात तर मधल्या तिरप्या ओळीच्या लगेच वरची ओळ सगळी एकाची, बाकी शून्यंच शून्यं. फक्त डावीकडं खाली, अगदी कोपऱ्यात, ०.००००१. मला वाटलं बाईंचा हात घसरला. इतकं कमी म्हणजे शून्यच की. मी प्रत्येक चौकोनात तिथं शून्य मारलं आणि मनातून खूश झाले.

तीन दिवसांनी बाई पानं घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आल्या. काय झालं ते कळताच मालक तापले. "तुला काय म्हन्लं हुतं? दिसतंय तसं मारायचं. तुझी अक्कल कुनी मागितली?" दुसरी मुलगी बघतो, असंही ते बाईंना म्हणाले. मला रडू आवरेना.

बाईंनी स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसल्या आणि कागदावर एक ठिपका काढला. कोपऱ्यात शून्य असलं तर या चौकोनाच्या सगळ्या आयगेन व्हॅल्यू, म्हणजे त्यातून निघणारे खास आकडे, या ठिपक्यातच गोळा होतात, म्हणाल्या. मग ठिपक्याभोवती गोलात बारीक टिंबं मांडली. तेवढंसं कोपऱ्यात ठेवलं की त्या उडून असं रिंगण धरतात. चौकोन जितका मोठा करावा तितकं रिंगण फुगत जातं आणि एक त्रिज्येच्या वर्तुळाला जवळजवळ चिकटतं. सिंग्युलर व्हॅल्यू म्हणून दुसरे आकडे असतात, ते मात्र जागचे हलल्यासारखे वाटतही नाहीत. अख्खं प्रकरण या फरकावर उभं होतं आणि मी तो फरकच पुसला होता.

"मग आता हो, बाई?"

"आता काय, परत मार. शंका आली तर पेन्सिलनं गोल कर, पण हात लावू नको." मग मालकांकडं वळून म्हणाल्या, "भाऊ, एवढ्या शून्यांत हिला ते एकटं दिसलं. पुढची प्रकरणं हिच्याकडंच द्या, नाहीतर मी दुसरं दुकान बघते."

मालकांनी तीन चहा सांगितले.

प्रबंध कधीच जमा झाला. आता बाई नवे लेख आणतात आणि मी गोल करत राहते. आजवर एकही गोल खरा निघाला नाही. प्रत्येकाशेजारी त्या न कंटाळता 'बरोबर आहे' लिहितात. बाई, एक दिवस तुमची एक खरी चूक मी लेख छपाईला जायच्या आधी पकडून दाखवीन. तेवढी तरी तुमची परतफेड करीनच.