माझ्या उंचीचं टेबल

इस्त्री पटकन ठरली. हातात धरली, जड होती. म्हणजे दाबायला जोर नको. अडलं ते इस्त्रीच्या टेबलाशी. आजवर मी जमिनीवर चादरीची घडी घालून, बसूनच इस्त्री केली. आता गुडघे ऐकत नाहीत.

दुकानदाराने टेबल उघडून ह्यांच्या कमरेएवढं लावलं. "साहेब, बरोबर ना?" हे म्हणाले, "झकास."

मी त्यावर हात टेकवून पाहिले, तर खांदे उचलावे लागले. आमचा ओटा सासूबाईंच्या उंचीचा, फळी ह्यांच्या हाताला येईल अशी. इतकी वर्षं मी घराच्या मापाने उभी राहिले आणि त्याचं कधी काही वाटलंही नाही. पण ह्या टेबलाला खाली-वर करायची दांडी होती. आज बोलले नाही, तर हेही तसंच राहील.

"थोडं खाली घ्या," मी म्हणाले. आवाज इतका बारीक, की पुन्हा म्हणावं लागलं.

हे हसले. "अगं, मग मला वाकावं लागेल."

"तुम्ही कधी केलीत इस्त्री?"

दुकानदार हसू दाबत दांडी ओढायला वाकला. टेबल कुरकुरत उतरलं आणि माझ्या कमरेशी थांबलं. मी त्यावर दोन्ही हात ठेवले, खांदे न उचलता.