बोटांनी ओळखलेले तुकडे

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात ज्याला कॉम्प्युटर वापरायला मिळे, तो स्वतःला फार शहाणा समजे. मी तर समजायचोच. आमच्या प्रयोगशाळेला एका कचेरीच्या मशीनवर फक्त शनिवारी दुपारी वेळ मिळत असे. मला एका विषाणूच्या डीएनएचे तुकडे जोडून सलग साखळी तयार करायची होती. कोणत्या तुकड्याचं टोक कोणावर बसतं हे शोधायला प्रोग्राम प्रत्येक तुकडा बाकी सगळ्यांशी ताडून पाही आणि त्याचं कोष्टक मेमरीत मांडी. ते कोष्टक मावेना. दर शनिवारी तासभर खडखडाट व्हायचा आणि शेवटी कागदावर एकच ओळ यायची: जागा अपुरी. माझी फेलोशिप महिनाअखेरीस संपत होती. तोवर साखळी जुळली नाही, तर पीएचडी सोडून कळमेश्वरच्या कारखान्यात केमिस्ट व्हायचं, हे घरी ठरूनही गेलं होतं.

मी प्रोग्राम कापला, छाटला, पुन्हा लिहिला. काही उपयोग नाही. मग माझं डोकं फिरलं आणि मी पंचिंगच्या खोलीत जाऊन ताईंवर खेकसलो. या ताई आमची अक्षरं पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायच्या, आणि मशीन ती कार्डं वाचे. चाळिशीच्या, कायम पांढरी सुती साडी, आणि हात असा चालायचा की बघत राहावं. मी म्हणालो, कार्डं चुकीची पडली असणार.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "कार्डं बरोबर आहेत, भाऊ. पण तेच ते काहून देता मले मारायले?"

"तेच ते म्हणजे?"

"हे पाहा." त्यांनी गठ्ठ्यातून दोन कार्डं काढली. एकावर लांब तुकडा होता, दुसऱ्यावर आखूड. आखूड तुकड्याचं कार्ड लांब तुकड्याच्या कार्डावर ठेवून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं आणि हळूहळू सरकवत नेलं. एका जागी वरच्या कार्डाच्या सगळ्या भोकांतून एकदम उजेड आला. "हा याच्या पोटात आहे ना गा! मारतानाच बोटाले समजते. असे लई आहेत."

मी थक्क झालो. ए, सी, जी, टी ही चारच अक्षरं, त्यांची अर्थहीन वाटणारी माळ, आणि ती या बाईंच्या बोटांत बसली होती!

चूक माझीच होती, आणि अगदी घरची होती. आमच्याकडे कापूस वेचून झाला तरी बोंडात अडकलेला चिमूटभर कापूसही पुन्हा वेचायचे. हाती आलेलं टाकायचं नाही. त्याच वळणाने मी प्रयोगातून वाचता आलेला प्रत्येक चिटुकला तुकडा कार्डावर चढवत होतो. मोठ्या तुकड्यात तो अख्खा आलेला असला तरीही. मशीन बिचारं त्या सगळ्यांना जागा देता देता दमत होतं.

पुढचे चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ताई डबा बाजूला ठेवून खिडकीशी कार्डं सरकवत बसल्या. मी पण बसलो, पण त्यांच्या निम्म्यानेही मला जमलं नाही. जवळजवळ एक तृतीयांश कार्डं बाहेर निघाली. प्रत्येक तुकडा बाकी सगळ्यांशी ताडला जात असल्याने तेवढ्यानेच कोष्टक निम्म्याहून लहान झालं. बाहेर काढलेली कार्डं त्यांनी वेगळी बांधून माझ्या हाती दिली. "मशीनले नाही लागत, पण तुम्ही जपून ठेवा. मेहनत आहे तुमची."

शनिवारी मशीन थांबलं नाही. प्रिंटरमधून कागद घडीवर घडी पडत बाहेर आला, आणि त्यावर साखळी होती, सलग. मी अक्षरशः उडी मारली. ताईंकडे धावलो, कागद त्यांच्यासमोर पसरला आणि बडबडत सुटलो: गाईडना दाखवतो, आता प्रबंध लिहितो, नोकरीचं मरू दे!

त्या खाली वाकून ओळींवरून बोट फिरवत होत्या. सगळं बोलू दिलं मला, मग म्हणाल्या, "बरं झालं, भाऊ. आता एक सांगता का? आठ महिने मारून राहिली मी हे. हे आहे तरी काय?"

आठ महिन्यांत मी ते त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. माझा चेहरा तापला. मी स्टूल ओढलं, त्यांच्या शेजारी बसलो आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.