निळं मीठ, तपकिरी औषध

उपकेंद्रात नोकरी केली की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी चालत येतात आणि बाकावर बसतात. औषधांचा साठा संपतो, हा साठा काही संपत नाही!

आमचं गाव परभणीहून पोखर्णीला जाणाऱ्या रस्त्यालगतचं. मी इथली सिस्टर, आणि जोडीला आशा कार्यकर्ती गंगासागर. आमच्या मागं दोन कामं कायमची लागलेली. लोकांना आयोडीनचं मीठ खायला लावायचं, आणि बायकांना गळ्यातली, छातीतली गाठ वेळेवर दाखवायला लावायची. पहिल्या कामात भांडणं होतात. दुसऱ्यात बायका गप्प बसतात. मला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटते.

*

मीठ तपासायचं किट साधं असतं. चिमूटभर मिठावर थेंब टाकायचा. निळंजांभळं झालं तर आयोडीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही.

पहिल्याच फेरीत एका घरचं मीठ झकास निळं झालं. मी खूश! "छान" म्हणून पुढच्या घराकडं वळले. मागं बघते तर त्या बाईनं अख्खी पिशवी नालीत रिकामी केली आणि तरातरा अप्पांच्या किराणा दुकानाकडं निघाली.

"अप्पा, मीठ इकायलाव का जहर? सिस्टरनं नुसतं औषध टाकलं तर निळं पडलं!"

संध्याकाळी अप्पा उपकेंद्रात हजर. "सिस्टर, माझं चांगलं मीठ तुमी निळं केलंव. आता पांढरं कवा करताव, ते सांगा!"

*

मग आम्ही गावभर समजावत फिरलो. निळं मीठ पास, पांढरं नापास. झालं! पुढच्या फेरीत अख्खी गल्ली पास. कुणाच्याही घरात शिरा, मीठ निळंच.

मला आधी आनंद झाला, मग शंका आली. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतं. प्रत्येक घरात माझ्यासमोर येणाऱ्या मिठाच्या वाटीवर एकच नाव होतं, सौ. महानंदा. म्हणजे अप्पांची बायको! आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो की वाटी मागच्या दारानं शेजारी.

मी महानंदाताईंना गाठलं. त्या जराही गडबडल्या नाहीत. "आपल्या डोळ्यादेखत शेजारीन नापास व्हायलीय, अन् बगत बसावं व्हय, सिस्टर?"

*

पुढं खुद्द अप्पांनाच थायरॉइड निघाला. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि नंतर तासभर चहा नाही.

आता अप्पा लिंगायत, लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा तोंडात घालत नाहीत. म्हणजे आधी पूजा, मग गोळी, मग तासभर कोरडं बसणं, आणि मग कुठं चहा. चहा वेळेवर मिळावा म्हणून अप्पा अंधारातच उठायला लागले. आता दुकान उजाडताच उघडतं आणि शेतावर जाणाऱ्या सगळ्यांची सोय झाली. फक्त त्या बिनचहाच्या तासात कुणी दुकानाची पायरी चढत नाही.

मी एकदा चुकून चढले. साबण मागितला.

अप्पा जागचे हलले नाहीत. "तुमच्याच मॅडमनं बसवलंय मला असं. साबन बी त्यांच्याचकडून घ्या!"

*

पण आमचा खरा सामना शेवंतामावशींशी. मावशींच्या हातचं लोणचं पार सेलूपर्यंत जातं. त्यांच्या घरात सगळ्याला जाडं मीठ, तेही धुऊन, उन्हात वाळवून. धुतल्यावर कसलं आयोडीन राहतंय! मॅडमनी सांगून बघितलं, लोणच्यात तुमचं घाला, पण रोजच्या जेवणात पुड्याचं वापरा.

"पुड्याच्या मिठानं लोनचं काळं पडतंय, मॅडम. मग माणूस पडत नसंल का?"

तेवढ्यात सुनेला दिवस गेले. पोटातल्या लेकराच्या मेंदूला आयोडीन लागतं, पुढं आईच्या दुधातूनही तेच त्याला मिळतं, असं ऐकल्यावर मावशी विरघळल्या. नातवासाठी पुडा आला.

काही दिवसांनी सून तपासणीला आली ती तोंडाला पदर लावून हसतच. "सिस्टर, मी जेवायला बसले की आत्याबाई समोर बसून माझ्या तोंडाकडं बगायल्यात. काळी पडायलीय का काय म्हनून!"

*

आणि याच मावशी एकदा जखमेवरचं तपकिरी औषध मागायला आल्या. "पायाला लागलंय." दिलं. पुन्हा आल्या. पुन्हा आल्या. पायावर तर ओरखडाही दिसेना. एक दिवस पदर सरकला आणि ब्लाउजवर तपकिरी डाग दिसला.

मी दार लावून घेतलं. मावशींनी आधी पदर नीट केला. मग हळूच म्हणाल्या, छातीत गाठ आहे. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं, आयोडीननं गाठ विरते. आणि त्या तपकिरी औषधात आयोडीनच असतं.

मी म्हटलं, "मावशी, आयोडीन पोटातून लागतं. चोळून गाठ जात नाही. ती कसली आहे ते आधी परभणीच्या दवाखान्यात बघावं लागतं."

"येते. पन ह्यांना कळू द्यायचं न्हाई. लय हाय खातील."

ठरलं. शनिवारी नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला जातो असं घरी सांगायचं आणि थेट परभणी गाठायची. शनिवारी ऑटो दारात आला, तर मावशींचे यजमान माणिकमामा नेहमीसारखा गळ्याला रुमाल गुंडाळून आधीच आत बसलेले!

"मी बी येतो दर्शनाला."

काय करणार? गेलो पोखर्णीला. दर्शन झालं. आता कोणता बहाणा सांगावा, या विचारानं मला घाम फुटला होता. तर मामाच ऑटोवाल्याला म्हणाले, "आता परभणीला घे. दवाखान्यात."

"कामून?" मावशींचा आवाज चिरकला.

"तुजे कपडे रोज माझ्यासमोर दोरीवर वाळायलेत. डाग दिसत न्हाईत व्हय मला?"

परभणीपर्यंत मामांनी मावशींची पिशवी मांडीवर धरून ठेवली होती.

सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मावशींना ठाऊक आणि मला ठाऊक. रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि हसल्या. "गाठ साधी आहे. अधूनमधून दाखवत राहा, बस."

मावशी ढसाढसा रडल्या. मीही रडले, लपवत कशाला!

मामा उठले. मावशींना हाताला धरून खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः तिथं बसले. गळ्याचा रुमाल सोडला. खाली लिंबाएवढी गाठ.

"हिचं झालं, मॅडम. आता माझं बगा."

डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, पाण्याचा घोट गिळायला लावला. "थायरॉइडची दिसतेय. घाबरू नका, तपासू. पण ही आजकालची नाही. इतके दिवस कुणाला सांगितलं नाही?"

मामा रुमालाची घडी करायला लागले.

मावशींनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मामांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दडवून ठिवलंव? घरच्या मानसापासून? अवो, लाज न्हाई वाटली तुमाला?"