सुनंदाताईंनी सांगितलेली खूण

सुनंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या भावानं वैजापूरहून केला, तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते. "ताईच्या मोबाईलात तुमचं नाव सगळ्यात वर होतं, म्हणून..." तो म्हणाला. हृदयविकाराचा झटका, वय अवघं सेहेचाळीस. महिना उलटला, तरी मला अजून नीट रडता आलेलं नाही.

आमची ओळख शहरातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रातली. लग्नाला नऊ वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं. ताई तिथल्या प्रयोगशाळेत गर्भ वाढवायच्या. काचेच्या बशीत पाच दिवस आमचा गर्भ त्यांनीच सांभाळला. मेंढपाळाची ही मुलगी, घरातली पहिली शिकलेली. आमचा मुलगा ओम जन्मला तो वजनानं भारी, जीभ तोंडात न मावणारी. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. सासूबाईंनी ग्रहणाचं काढलं, नवरा वाळूजच्या कंपनीतून आला की टीव्ही लावून बसायचा, आणि मी मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत राहायचे. केंद्रानं हात झटकले, ताईंना आमच्याशी बोलायलाही मनाई केली.

तरी एका रविवारी त्या पडेगावला आमच्या घरी आल्या. समोरचा चहा निवून गेला, पण त्या सांगत राहिल्या. बाळाला प्रत्येक जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं मिळतं. काही जनुकांच्या बाबतीत मात्र त्यातल्या एकानंच काम करायचं, दुसऱ्यानं गप्प राहायचं, अशी रासायनिक खूण त्यावर असते. त्यांचे आण्णा मेंढरांवर गेरूनं खूण करायचे, तशी. मेंढरू तेच, धडधाकट. ओमच्या बाबतीत ती खूण तेवढी पुसली, म्हणून वाढ बेताबाहेर गेली. हे गर्भाच्या अगदी पहिल्या दिवसांत घडतं. अशा उपचारातून झालेल्या मुलांत जरा जास्त दिसतं, तरी क्वचितच.

"वहिनी, माझ्या हातनं झालं का, हे मला सांगता येत नाय. नाय झालं, असंबी म्हणता येत नाय. पण तुमचं काहीच चुकलं नाय, एवढं मला पक्कं ठाऊक हाय."

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ग्रहणाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. ताईंची नोकरी मात्र त्याच महिन्यात गेली. पुढं त्या रक्त तपासायच्या एका लहानशा लॅबमध्ये लागल्या. गर्भाचं काम त्यांना परत कुणी दिलं नाही.

अशा मुलांच्या पोटात गाठ होण्याची भीती असते, म्हणून दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. ताईंनी एकही चुकवली नाही. ओम तीन वर्षांचा असताना मूत्रपिंडावर बारकी गाठ दिसली. वेळेवर सापडली म्हणून तो वाचला. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर त्या माझा हात धरून बसल्या होत्या, आणि रडत होत्या त्या, मी नव्हे.

गेल्या आठवड्यात त्यांच्याविना पहिली सोनोग्राफी झाली. ते थंडगार जेल लागलं की ओम अंग चोरतो, म्हणून ताई आधी आपले तळहात एकमेकांवर घासून त्याच्या पोटावर ठेवायच्या. आता सहा वर्षांचा झालेला ओम टेबलावर चढला, शर्ट वर केला, सवयीनं दाराकडं बघितलं. मी पुढं झाले, तर म्हणाला, "नको आई, मी करतो." त्यानं आपले इवले तळहात घासले, पोटावर ठेवले, आणि मग डॉक्टरांना म्हणाला, "आता लावा."